नागपूरच्या पावसाळ्यात घरभराचा डीह्युमिडिफायर होम असिस्टंटवर चालवताना

प्रश्न असा आहे: तळमजल्यावरचं पंधराशे चौरस फुटांचं घर. फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेला, डक्टवाला, रोज ५० लिटर क्षमतेचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र. होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं नियमांवर चालवणारं सॉफ्टवेअर, आधीपासून चालू आहे. यंत्र १६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर टाकलं आणि 'आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली की चालू, खाली आली की बंद' असा नियम लावला. आता जुलैत यंत्र रात्रंदिवस चालतं, ५० काही येत नाही, खोल्या उलट गरम होतात आणि कधीकधी प्लग चालू दिसतो पण यंत्र बंदच असतं. चुकतंय कुठे?

प्लग चुकलाय, ५० टक्के चुकलेत, आणि घरातला कूलर या हिशेबात धरलेलाच नाही.

प्लगचं आधी उरकू. कॉम्प्रेसर थांबला की गॅसच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी पुन्हा वीज दिली तर मोटर दाबाविरुद्ध फिरायला बघते, अडकते, तापते आणि ओव्हरलोड उडतो. यंत्राच्या आतल्या सर्किट बोर्डात यासाठी विलंब ठेवलेला असतो, पण तो बोर्ड जिवंत असेपर्यंतच. प्लगने मुख्य वीज कापली की बोर्डही मरतो. शिवाय टच पॅनलवाली बरीच यंत्रं वीज परत आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत, स्टँडबायमध्ये बसून राहतात. 'प्लग चालू, यंत्र बंद' याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तिसरा धोका प्लगच्या रिलेचा, म्हणजे आतल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, आणि रोज वीस वेळा तसं झालं की रिलेचे पॉइंट चिकटतात. मग ॲपमध्ये 'बंद' दिसतं आणि यंत्र चालूच राहतं.

तत्त्व साधं ठेवा: यंत्राची मुख्य वीज कायम चालू. ऑटोमेशनने फक्त 'आता ओलावा काढ' एवढी मागणी करायची. कॉम्प्रेसर कधी उठवायचा आणि पंखा किती वेळ मागे चालवायचा, हे यंत्राच्या बोर्डावर सोडायचं.

ही मागणी पोचवायची जागा म्हणजे कंट्रोल टर्मिनल. यंत्राचा एमसीबी पाडून, म्हणजे वीज तोडून, सर्व्हिस झाकण उघडा. सहसा तीनपैकी एक गोष्ट सापडते. पहिली: 'ऑन-ऑफ', 'रिमोट' किंवा 'ह्युमिडिस्टॅट' असं लिहिलेले दोन स्क्रू, जे जोडले की यंत्र चालतं. दुसरी: अमेरिकन पद्धतीची २४ व्होल्ट एसी टर्मिनलं, ज्यात आतल्या ट्रान्सफॉर्मरचं एक टोक मागणीच्या टर्मिनलला जोडायचं असतं. तिसरी: आरएस-४८५ पोर्ट, ज्यावरून सहसा मॉडबस नावाच्या यंत्रांच्या भाषेत हुकूम देता येतात. वीज देऊन, टर्मिनलं उघडी ठेवून मल्टिमीटर लावा. पाच ते २४ व्होल्ट दिसले तर कोरडा रिले पुरतो. २३० दिसले तर तिथे स्वतः हात घालू नका, इलेक्ट्रिशियनकडून योग्य रेटिंगचा रिले किंवा कॉन्टॅक्टर बसवून घ्या.

कोरडा रिले म्हणजे ज्याच्या पॉइंटवर स्वतःची वीज नसते तो. शेली-१ हा वायफायवर चालणारा तयार रिले असा आहे, शेली-१ पीएम तसा नाही. दिसायला जुळे, पण पीएम आउटपुटला २३० व्होल्ट सोडतो, आणि ते २४ व्होल्टच्या टर्मिनलवर गेले तर बोर्ड जळाला म्हणून समजा. ईएसपी-३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि रिले बोर्ड वापरत असाल तर 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' हे दोनच पॉइंट घ्या, म्हणजे कंट्रोलर मेला तर मागणीही मरते. वायर दोन कोअरची, ०.५ चौरस मिलिमीटरची, शील्डेड. ती मुख्य विजेच्या पाइपातून नेऊ नका.

एक खोच इथेच आहे. रिले जोडल्यावर यंत्राच्या पॅनलवरचा आकडा ६० वर राहिला, तर बऱ्याच मॉडेलांत तो आणि तुमचा रिले एकामागे एक लागतात. रिले मागणी करतो, पॅनल म्हणतं आता ५८ आहे, गरज नाही. म्हणून पॅनल 'सतत' वर किंवा सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवा.

ज्यांनी अमेरिकेतून यंत्र आणवलंय त्यांच्यासाठी: ते बहुधा ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झवर तो कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि जास्त तापतो. तसं यंत्र न घेतलेलंच बरं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कशावर चालवायचं. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे सेन्सर दाखवतो ते टक्के, हा आकडा तापमानाबरोबर हलतो. हवेतलं पाणी तेवढंच असलं तरी २८ अंशांवर ६० टक्के असलेली हवा एसीने २४ वर आणली की ७६ टक्के दाखवते. घरात थेंबभर पाणी वाढलेलं नसतं, पण तुमचा नियम यंत्र सुरू करतो. यंत्र खोलीत उष्णता सोडतं, एसी जोर लावतो, हवा पुन्हा थंड होते, टक्के पुन्हा चढतात. दोघंही आपापलं काम चोख करतात आणि बिल तुम्ही भरता. २४ अंशांवर ५० टक्के म्हणजे दवबिंदू १३ अंश. जुलैत बाहेरचा दवबिंदू २४ च्या आसपास असताना घरभर १३ मागणं म्हणजे यंत्राला कधीच न थांबायला सांगणं.

म्हणून नियंत्रण दवबिंदूवर करा. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की पाणी सुटू लागेल, तो हा आकडा. तो हवेतल्या खऱ्या पाण्यावर ठरतो, खोली गरम-थंड झाल्याने हलत नाही. होम असिस्टंटच्या टेम्प्लेट सेन्सरमध्ये, म्हणजे इतर सेन्सरांवरून सूत्राने आकडा काढणाऱ्या सेन्सरमध्ये, तो दोन पायऱ्यांत निघतो:

ग = लॉग(आर्द्रता ÷ १००) + (१७.६२ × तापमान) ÷ (२४३.१२ + तापमान)

दवबिंदू = (२४३.१२ × ग) ÷ (१७.६२ − ग)

लॉग नैसर्गिक घ्यायचा, दहाच्या पायाचा नव्हे. पडताळा: २८ अंश आणि ६० टक्के टाकल्यावर १९.५ यायला हवेत. ईएसपीहोममध्ये (ईएसपी-३२ साठीच्या सॉफ्टवेअरमध्ये) निरपेक्ष आर्द्रतेचा तयार घटक आहे, तो घनमीटरमागे ग्रॅम देतो. तोही चालेल, फक्त आकडे वेगळे ठेवावे लागतील. होम असिस्टंटचा तयार हायग्रोस्टॅट, म्हणजे आर्द्रतेवर चालू-बंद करणारा नियम, मात्र टक्क्यांसाठी आहे. साध्या घराला तो पुरतो, एसीवाल्या घराला नाही.

सुरुवातीला १९.५ वर चालू आणि १८ वर बंद ठेवा. फटी बुजवून झाल्या, यंत्राला दम राहिला, की १८.५ आणि १७ वर या. दवबिंदू १७ म्हणजे २८ अंशांच्या दिवाणखान्यात सुमारे ५१ टक्के आणि २४ अंशांच्या बेडरूममध्ये सुमारे ६५. याहून खाली जायची हौस नागपुरात महाग पडते. बुरशीसाठी वेगळा पहारा ठेवा: भिंतीला लागून असलेल्या कपाटात एक सेन्सर, आणि तिथे सलग सहा तास ६८ टक्क्यांच्या वर राहिलं तर दवबिंदू काहीही असो, यंत्र तासभर चालवा. बुरशी खोलीच्या सरासरीला विचारत नाही. ती कपाटामागच्या थंड भिंतीवर धरते.

यंत्र रात्रंदिवस का चालतं, याचा हिशेबही मांडून बघा. पंधराशे चौरस फूट आणि दहा फूट उंची म्हणजे साधारण ४२५ घनमीटर हवा. बाहेर २८ अंश आणि ८० टक्के असताना घनमीटरमागे जवळपास २२ ग्रॅम पाणी असतं. आत २८ अंश आणि ५५ टक्के हवे असतील तर १५. फरक सात ग्रॅमचा. फटींतून तासाला निम्मी हवा बदलत असेल तर दिवसाला ३५ लिटर पाणी आत येतं. चार माणसं, आंघोळी, स्वयंपाक यांचे आठ-दहा लिटर वेगळे. आणि ५० लिटरचं यंत्र? तो आकडा सहसा ३० अंश आणि ८० टक्क्यांवरचा असतो. २७ अंश आणि ६० टक्क्यांवर तेच यंत्र जवळपास निम्मं पाणी काढतं. म्हणजे ४४ लिटरच्या आवकेसमोर २५ लिटरची जावक. इथे कोणताही नियम लिहून उपयोग नाही.

हवेची अदलाबदल निम्मी केली तर आवक २६-२७ वर येते आणि गणित जमतं. त्यासाठी सगळ्यात आधी कूलरच्या खिडकीकडे बघा. मृगाच्या सरी आल्यावरही कूलर तसाच लटकत राहतो आणि त्याच्या तोंडातून अख्खा पावसाळा घरात येतो. कूलर काढा, निदान त्याच्या आतल्या तोंडावर ॲक्रिलिकचं झाकण आणि फोम टेप लावा. मग बाहेरच्या दारांखाली ब्रश, खिडक्यांच्या ट्रॅकला नवी फेल्ट, एसीच्या पाइपाच्या भोकाला पुट्टी. नागपूरच्या महाल या जुन्या भागातल्या घरांत झरोके आणि लाकडी चौकटी एवढ्या असतात की सगळं घर बंद करणं होत नाही. तिथे घराचा नाद सोडून दोन बेडरूम आणि कपाटांची खोली एवढाच भाग बंद करा आणि डक्ट तिकडेच न्या.

स्वयंपाकघराची चिमणीही यातच. तासाला एक हजार घनमीटरची म्हणवणारी चिमणी प्रत्यक्षात निम्मी हवा ओढते असं धरलं तरी तेवढीच बाहेरची हवा घरात शिरते, म्हणजे तासाला साडेतीन लिटर पाणी. फोडणीपुरती ती हवीच. ती दुपारभर चालू राहत असेल तर वीस मिनिटांचा टायमर लावा. बाथरूमच्या एक्झॉस्टलाही तोच नियम. आणि धुतलेले कपडे: चार-पाच किलोंचा पिळलेला घाणा घरात वाळत घातला की दोन-अडीच लिटर पाणी हवेत. शक्य तर एकच खोली कपड्यांची करा, दार लावा आणि तिथे पंखा आणि यंत्राचा एक सप्लाय, म्हणजे कोरडी हवा सोडणारं डक्टचं तोंड, द्या.

कूलरबद्दल नागपुरात वेगळं सांगावं लागतं, कारण सवय सुटत नाही. मे अखेरच्या नवतप्यात ४२ अंश आणि २० टक्के असताना पाण्यातून गेलेली हवा सिद्धांताने २४ अंशांपर्यंत उतरू शकते. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के असताना तीच मर्यादा २८ असते. चार अंशांसाठी कूलर तासाला हजारो घनमीटर दमट हवा घरात ढकलतो. कूलर आणि डीह्युमिडिफायर एकत्र चालवणं म्हणजे तळ फुटलेल्या हौदात पाणी भरणं. म्हणून कूलरला वीज मोजणारा स्विच लावा, आणि १०० वॉटच्या वर गेला की डीह्युमिडिफायरला कुलूप, कूलर बंद झाल्यावरही पंधरा मिनिटं. उलट बाजूनेही नियम हवा: बाहेरचा दवबिंदू २० च्या वर गेला की फोनवर 'कूलरचा पंप बंद करा' अशी सूचना. पंप आपोआप बंद करू नका, घरातल्या मोठ्यांशी भांडण होईल.

एसीचं थोडं वेगळं. तो चालू असताना स्वतःही पाणी काढतो, तेव्हा त्याला अर्धा तास द्या आणि तरीही दवबिंदू १८.५ च्या वर असेल तरच यंत्र बोलवा. उष्णतेचा हिशेब लक्षात असू द्या: ७५० वॉटचं यंत्र तासाला सव्वा लिटर पाणी काढत असेल तर खोलीत साधारण १.६ किलोवॉट उष्णता सोडतं. विजेची पाऊण आणि वाफेतून सुटलेली उरलेली. हे अर्ध्या टनाच्या एसीच्या कामाइतकं ओझं आहे. म्हणून झोपेच्या वेळी घर वाळवण्यापेक्षा दुपारी आणि संध्याकाळी, बेडरूम रिकाम्या असताना, दवबिंदू १७ पर्यंत खाली आणून ठेवणं फायद्याचं. बिलाकडेही बघा: ७५० वॉट रोज १४ तास म्हणजे महिन्याला ३१५ युनिट. महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जायला एवढं पुरतं.

सगळं जुळवून नियम असा बनतो. घरातला दवबिंदू दहा मिनिटं सलग वरच्या मर्यादेच्या वर, कूलर बंद, खिडक्यांचे सेन्सर बंद दाखवतात आणि मागच्या बंदला सहा मिनिटं झालीत, तरच मागणी. एकदा सुरू झालं की किमान पंधरा मिनिटं चालायचं. खालच्या मर्यादेला थांबायचं. बाहेरचा दवबिंदू घरापेक्षा दोन अंशांनी कमी झाला, की मागणी बंद आणि 'खिडक्या उघडा' अशी सूचना. दसऱ्याच्या पुढे हे बरेचदा घडतं, आणि तेव्हा यंत्र चालवणं म्हणजे फुकटची कोरडी हवा दाराबाहेर ठेवून वीज जाळणं.

हा नियम शक्यतो ईएसपी-३२ वरच लिहा, होम असिस्टंट फक्त मर्यादा बदलायला आणि आलेख बघायला ठेवा. वादळात राउटर गेला तरी घर वाळत राहील. सेन्सरचा आकडा तीस मिनिटं आला नाही तर मागणी बंद. चोवीस तास अगदी एकच आकडा येत असेल तरीही सेन्सर मेलाय असं धरा. रिलेची सुरुवातीची स्थिती 'बंद' ठेवा, आणि वीज परत आल्यावर पाच मिनिटं काहीच करू नका. नागपुरात जूनच्या वादळात वीज पाच मिनिटांत तीनदा येते-जाते, त्यातली पहिली दोनदा खोटीच समजा. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर हवा आणि त्याला नीट अर्थिंग हवं.

इथेच आणखी एक गाठ बसते. कंट्रोलर आणि राउटर इन्व्हर्टरवर, यंत्र मात्र मुख्य विजेवर, आणि ते तसंच असावं, कारण घरगुती इन्व्हर्टरला हा कॉम्प्रेसर सहसा झेपत नाही. पण वीज गेली की कंट्रोलरला वाटतं यंत्र चालू आहे. म्हणून यंत्राच्या फेजवर करंट मोजणारा सीटी (वायरभोवती बसणारी कॉइल) किंवा पीझेम-००४टी हा छोटा वीज मोजणारा मीटर बसवा. मागणी आहे आणि शून्य वॉट: वीज नाही किंवा एमसीबी पडलाय. मागणी आहे आणि शंभरच्या आत वॉट, दहा मिनिटं: फक्त पंखा चालतोय, म्हणजे ड्रेनच्या ट्रेतलं पाणी चढून फ्लोट स्विच उचललाय, पॅनलचा आकडा आडवा आलाय किंवा कॉम्प्रेसर उठत नाही. पूर्ण वॉट आहेत, पण दोन तासांत दवबिंदू अर्धा अंशही उतरत नाही: कुठेतरी खिडकी उघडी, फिल्टर चोंदलेला किंवा गॅस कमी. या तीन सूचना लावल्या तर बऱ्याच सर्व्हिस कॉलची गरज राहत नाही.

सेन्सर स्वस्तातले घेऊ नका. डीएचटी-११ पाच टक्के इकडेतिकडे दाखवतो, जुलैत तो भरवशाचा नाही. एसएचटी-३१ किंवा एसएचटी-४० घ्या, दोन टक्क्यांच्या आत राहतात. तीन खोल्यांत तीन, दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीवर, बाथरूमच्या दारापासून आणि सप्लाय ग्रिलच्या झोतापासून दूर. नियंत्रणाला तिघांतला मधला आकडा वापरा. सरासरी घेतली तर एक बिघडलेला सेन्सर सगळ्यांना ओढतो. बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या छज्जाखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब. तापमान आणि आर्द्रता नेहमी एकाच चिपची घ्या. ईएसपी-३२ च्या उबेने चिप दोन अंश जास्त दाखवत असेल तर टक्केही तेवढे कमी दिसतात आणि दवबिंदू जवळजवळ बरोबरच निघतो. एकाचं तापमान आणि दुसऱ्याची आर्द्रता घेतली की मात्र सगळं बिघडतं.

तपासणी घरच्या घरी होते. जाड मीठ थोड्या पाण्यात ओल्या वाळूसारखं कालवा, बाटलीच्या झाकणात भरून हवाबंद डब्यात ठेवा, सेन्सर त्याला न चिकटवता आत ठेवा. बारा तासांनी, स्थिर तापमानात, ७५ टक्के दिसायला हवेत. ७९ दिसले तर ४ वजा करा. दरवर्षी मे अखेरीस एकदा केलं की पुरतं.

ड्रेनवर दुर्लक्ष झालं तर सीलिंग पडतं. पाऊण इंची पीव्हीसी, मीटरमागे किमान एक सेंटीमीटर उतार, मधे पोट पडू देऊ नका. युनिटखाली दुसरा ट्रे आणि त्यात फ्लोट स्विच. हा फ्लोट रिलेच्या वायरमध्ये सरळ मालिकेत जोडा, ऑटोमेशनवर सोडू नका. सॉफ्टवेअर अडकलं तरी पाणी चढताच मागणी तुटली पाहिजे. पाइपात शेवाळी चिकट गाळ साचतो, तो महिन्याला एकदा पाणी ओतून धुवा. निघालेलं पाणी झाडांना घाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात असतात, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे.

फिल्टर पंधरा दिवसांनी. कॉइलवर जुलैत बर्फ दिसला तर थंडीमुळे नव्हे. त्या तापमानात बर्फ धरतो तो हवा अडल्याने किंवा गॅस गळल्याने. फिल्टर धुऊनही बर्फ येत असेल तर मेकॅनिक बोलवा.

हे सगळं लावल्यावर पहिल्याच कोरड्या दिवशी एक मोजमाप करून ठेवा: ड्रेनचा पाइप बादलीत सोडा, २७-२८ अंश आणि ६० टक्क्यांच्या आसपास यंत्र तासभर सलग चालवा, पाणी मापाच्या भांड्याने मोजा आणि वॉटही लिहून ठेवा. ५० लिटरच्या यंत्राचं एक लिटरच्या आसपास यायला हवं. पोळ्याच्या सुमारास पुन्हा मोजा. वॉट तेवढेच आणि पाणी पाव लिटरने कमी असेल, तर आधी फिल्टर आणि कॉइल बघा, मगच मर्यादांच्या आकड्यांना हात लावा.